मदत हवी आहे: प्लाझ्मा दिलेलं सिलिकॉन चार दिवसांत पुन्हा जैसे थे!

नमस्कार मंडळी, नागपुरात एमएस्सीचा प्रकल्प करतेय. सिलिकॉनच्या (रबरासारखं पॉलिमर) पातळ फिल्मवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू, रक्तातला प्लाझ्मा नव्हे) देऊन वर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाणी धरून ठेवणारं पॉलिमर) जोडायचं आहे. प्लाझ्मानंतर पाण्याचा थेंब मस्त पसरतो, संपर्ककोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) 110 अंशांवरून 30 च्या खाली. पण चार दिवसांत फिल्म पुन्हा पाणी झटकते. सिलिकॉनच्या आतल्या छोट्या रेणू-साखळ्या वर सरकतात, त्यामुळे. त्यात आपला मे महिना, अन् लॅबचा कूलर नावालाच!

फिल्म पाण्यात बुडवून ठेवू की त्याच तासात पीईजी जोडू? हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) 2 टक्क्यांच्या आत आहे, प्लेटलेट्स (गुठळी बनवणाऱ्या रक्तकणिका) मात्र चिकटतातच.

एथिक्सची परवानगी मिळालीय. प्लेटलेट चाचणीसाठी सायट्रेटमधलं (रक्त गोठू न देणारं रसायन) ताजं रक्त लागतं, रक्तपेढीची जुनी पिशवी चालत नाही. इथे कुणी कसं जमवलं होतं?