ईडेलच्या पबपासून निघून पबलाच परत: किंडर स्काउटची गोल वाट

पायपीट

नमस्कार मंडळी. मँचेस्टरहून एका दिवसात होईल अशी, गावातल्या पबपासून निघून तिथेच संपणारी गोल वाट शोधतोय. पीक डिस्ट्रिक्टमधल्या ईडेल गावचा ओल्ड नॅग्स हेड पब, तिथून जेकब्स लॅडरच्या चढाने किंडर स्काउटच्या पठारावर, किंडर लो, मग कड्याकडेने ग्रिंडस्लो नोल आणि परत, असा बेत आहे. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. गाडी नाही, ट्रेनने जाणार. आम्ही चौघे, त्यात आई-बाबा साठीच्या पुढचे, पण दर रविवारी सिंहगड चढणारे.

कुठल्या दिशेने फिरावं? वेळ किती धरावा? धुकं आलं तर काय? फोनवरचा नकाशा पुरतो का? आणि शेवटचं: दोघे शुद्ध शाकाहारी आणि न पिणारे आहेत, त्यांनी पबात बसून करायचं काय?

शेफिल्डकर

बेत चांगला आहे. आधी आकडे. पूर्ण फेरी १३ ते १४ कि.मी., एकूण चढ साडेचारशे ते पाचशे मीटर. सिंहगडची आतकरवाडीची वाट साधारण ६०० मीटर चढते, म्हणजे चढाची धास्ती नको. पण अंतर बरंच जास्त आहे आणि वर गेल्यावर दोन-अडीच तास उघड्यावर वारा खात चालायचं असतं. दमवतं ते हे. नुसत्या चालण्याचा हिशोब ताशी ५ कि.मी. आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं असा धरतात. त्याने साडेतीन तास येतात. जेवण, फोटो, चिखल आणि साठीचे गुडघे धरून साडेपाच ते सहा तास ठेवा. त्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो. साडेनऊला पबसमोरून निघालात तर घाई होणार नाही.

ट्रेन मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनहून, होप व्हॅली मार्गावरची सगळीकडे थांबणारी गाडी, पाऊण तासाच्या आसपास. शेफिल्डच्या जलद गाड्या ईडेलला थांबत नाहीत, फलाटावर नीट बघून चढा. स्वच्छतागृह स्टेशनजवळच्या गाडीतळापाशी आहे, तिथेच उरका. पुढे थेट पबात. स्टेशनपासून रस्त्याने वर १०-१५ मिनिटं: आधी रॅम्बलर इन लागतो, मग माहिती केंद्र, चर्च आणि गावाच्या टोकाला ओल्ड नॅग्स हेड. बरेच जण रॅम्बलर इनलाच आपला पब समजून बाहेर वाट शोधत बसतात. तो नव्हे.

दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे, म्हणजे आधी पश्चिमेला. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो. जेकब्स लॅडरकडे जाताना तुम्ही दरीत असता, आडोसा मिळतो. वर कड्यावर पोचल्यावर तोंड पूर्वेकडे होतं, वारा पाठीला. उलट फिरलात तर तोच वारा आणि पाऊस दोन तास चष्म्यावर.

वाट अशी. पबसमोरच पेनाईन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेची पाटी आहे. झाडांतली खोलगट वाट धरा आणि लगेच डावीकडे फाटक ओलांडून कुरणांत शिरा. इथे नाकासमोर चालत राहिलात तर ग्रिंड्सब्रूक ओढ्याच्या घळीकडे किंवा थेट ग्रिंडस्लोच्या चढावर जाल. पुढे कुरणं, भिंती ओलांडायच्या पायऱ्या, फाटकं. अडीच कि.मी.वर अपर बूथची वस्ती, लाल फोन बूथ. तिथून उजवीकडे डांबरी वाटेने ली फार्म, आणि तीही संपली की ओढ्यावर लहानसा दगडी पूल. पुलापलीकडे चढ सुरू.

चढाला दोन पर्याय दिसतात: समोर दगडी पायऱ्या, डावीकडे वळसे घेत जाणारी लांब वाट. ती लांब वाट घोड्यांची. अठराव्या शतकात वर राहणारा जेकब मार्शल स्वतः पायऱ्यांनी सरळ चढायचा आणि घोड्याला वळशाने सोडायचा, असं सांगतात. आई-बाबांना वळशाची वाट द्या. फरक पाच-दहा मिनिटांचा आहे आणि श्वास लागत नाही. वर पोचल्यावर सरळ गेलेली वाट ईडेल क्रॉसला जाते. हा मध्ययुगीन दगडी क्रूस आहे, त्यावर १८१० साल कोरलंय. बघायचा तर बघून याच जागी परत या. आपल्याला उजवीकडे उत्तरेला, ईडेल रॉक्सच्या बाजूने किंडर लोच्या पांढऱ्या खांबाकडे जायचंय. उंची ६३३ मीटर. किंडर स्काउटचा सर्वोच्च बिंदू ६३६ मीटरवर, पठारात आत कुठेतरी आहे. तिथे बघायला काही नाही आणि रस्ता चुकायला भरपूर जागा आहे. त्या ३ मीटरांचा मोह सोडा.

गिरणगावकर

वरच्याला जोड. चूक होते ती किंडर लोवरून निघताना. नकाशावर खांबापासून आग्नेयेला कड्याकडे जाणं सोपं दिसतं. प्रत्यक्षात उघडी काळी जमीन, पुसट पाऊलवाटा आणि कुठलीही नक्की नाही. स्वच्छ हवेत चालून जातं. धुक्यात आल्या वाटेने ईडेल रॉक्सकडे दक्षिणेला परत उतरा आणि मग डावीकडे, पूर्वेला, नो स्टूल या खडकाकडे जाणारी ठळक वाट धरा. पंधरा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

ती काळी जमीन म्हणजे पीट. पाण्याने भरलेली, हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेली वनस्पती, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. पाणी तिच्यात चर कापतं आणि चराच्या भिंती डोक्याच्या वर जातात. एका चरात उतरलं, वर आलं, पुन्हा उतरलं की दहा मिनिटांत दिशा हरवते. म्हणून नियम एकच: पठाराच्या आत जायचं नाही, कडा उजव्या हाताला दिसत राहिली पाहिजे. पेनाईन वेची मूळ वाट ग्रिंड्सब्रूकने चढून हेच पठार ओलांडायची. पावलांनी जमीन इतकी झिजली की अधिकृत वाट जेकब्स लॅडरने न्यावी लागली. या वाटेवर ठिकठिकाणी सपाट फरशा दिसतील. पेनाईन वेवरच्या अशा बऱ्याच फरशा पाडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीच्या आहेत. मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांचं असंही होतं; आमच्याकडे मॉल झाले. ओल्या फरशीवर शेवाळ असेल तर पाय सपाट टाका, टाच आधी नको.

नो स्टूलनंतर पिम चेअर हा खडक, मग वूल पॅक्स. वूल पॅक्स म्हणजे वाऱ्यापावसाने गोल घासलेले मोठमोठे दगड, मेंढ्यांचा कळप बसल्यासारखे. वाट इथे दगडांमधून फुटते, कुठलीही धरा, पुढे एकच होते. क्राउडन टॉवर या खडकानंतर ओढा आडवा येतो. काठाने थोडं वर जाऊन उथळ जागी ओलांडा. धुक्यात या ओढ्याने खाली उतरू नका: दिसतो अपर बूथला जाणारा जवळचा रस्ता, पण वरचा टप्पा ओल्या खडकांचा आहे. इथून ग्रिंडस्लो नोलपर्यंत उजवीकडची कडा सोडायची नाही. डावीकडे सरकलात तर ग्रिंड्सब्रूकच्या घळीत जाऊन पडाल.

किंडर डाउनफॉलचं नाव कोणीतरी काढेलच. धबधबा सुमारे ३० मीटरचा आहे आणि पश्चिमेचा जोराचा वारा असला की पाणी उलटं वर उडतं. आपल्याकडे नाणेघाटात बघतो तेच. पण किंडर लोपासून जाऊन-येऊन ४ कि.मी. वाढतात आणि कोरड्या आठवड्यानंतर नुसता ओला दगड दिसतो. या फेरीत नको.

फोन: दरीत रेंज जवळजवळ नसते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा ओएल १ डार्क पीक हा १:२५,००० चा कागदी नकाशा आणि साधं होकायंत्र घ्या; फोनवर तोच नकाशा आधी उतरवून ठेवा. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून फोन आतल्या खिशात. अडचण आली तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं. थेट रुग्णवाहिका मागितली तर निरोप फिरून येतो. रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

डोंगरचा_वारा

सगळे जेकब्स लॅडरच का सांगतात? ग्रिंड्सब्रूकने चढा, ग्रिंडस्लोच्या बाजूने कड्यावर निघा आणि जेकब्स लॅडरने उतरा. घळ सुंदर आहे, शेवटी हात लावून चढायचे खडक आहेत, आणि उतार पायऱ्यांचा असल्याने गुडघ्यांना बरा.

शेफिल्डकर

उन्हाळ्यात, कोरड्या खडकावर, सवयीच्या चौघांना जरूर. ऑक्टोबरात घळीतले खडक सावलीत राहतात आणि वाळतच नाहीत. ओला ग्रिटस्टोन, म्हणजे इथला खरबरीत खडक, पकड बरी देतो, पण त्यावरचं हिरवं शेवाळ अजिबात नाही. शिवाय त्या दिशेला वारा तोंडावर. उताराचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यावर खाली लिहितो.

चहाटळ

पबाचं मी सांगतो, कारण उपाशी परत येणारी मंडळी इथेच फसतात. गावातल्या पबांची स्वयंपाकघरं बऱ्याचदा दुपारी अडीच-तीनला बंद होऊन संध्याकाळी साडेपाच-सहाला उघडतात. तुम्ही परत पोचणार साडेतीनला! पब उघडा, बार चालू, गरम खायला फक्त वेफर्सची पाकिटं. तेव्हा त्या शनिवारच्या वेळा आधी विचारा. एक तर डबा पोटभर न्या आणि पबात फक्त चहा किंवा पुडिंग, नाही तर संध्याकाळच्या पहिल्या पंगतीचं टेबल राखून ठेवा आणि परतीची गाडी तशी निवडा. स्वतःचा डबा पबात उघडायचा नाही, अंगणातल्या बाकांवरही नाही.

टेबलावर कोणी विचारायला येईल म्हणून बसून राहू नका. टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवायचा, बारवर जायचं, ऑर्डर द्यायची, बहुतेक ठिकाणी तिथेच पैसे. टिपेची सक्ती नाही. बारपाशी रांग दिसत नसली तरी आधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, मध्ये घुसू नका.

न पिणाऱ्यांना कोणी काही म्हणत नाही. चहा, कॉफी, लाइम-सोडा, आल्याची बिअर म्हणजे जिंजर बिअर, जिच्यात सहसा दारू नसते, तरी बाटली वाचा. शाकाहाराचं जरा नीट विचारा. चिप्स कधी कधी मासे तळलेल्याच तेलात तळतात. ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते, भाज्यांच्या ताटावरही तीच ओततात, म्हणून 'व्हेजिटेरियन ग्रेव्ही' असं वेगळं मागा. स्टिकी टॉफी पुडिंगमध्ये अंडं असतं. आणि पिणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी: पिंपातली पारंपरिक एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, निवळायला अनेक ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. चालत असेल तर प्या, नसेल तर कुठली एल त्याशिवायची आहे ते विचारा.

बुटांचं: दारात पाटी असेल ती वाचा. चिखल झटकून, बुटांवर पिशव्या चढवून आत गेलं तर कुठेच वाद होत नाही. फरशीच्या खोलीत बसा, गालिच्याच्या नको. ही इमारत १५७७ ची असल्याचं सांगतात. दारांच्या चौकटी बुटक्या असतात, उंच माणसांनी डोकं सांभाळा.

गिरणगावकर

एक अवांतर, बाबांना वर सांगायला. किंडरचा हा माळ शिकारीसाठी राखलेला, खासगी होता. २४ एप्रिल १९३२ ला पलीकडच्या हेफिल्डहून शेकडो माणसं, बरीचशी मँचेस्टरची तरुण कामगार, मुद्दाम परवानगीशिवाय वर चढली. पुढे होता विशीचा बेनी रॉथमन. पाच जणांना तुरुंगवास झाला. पेनाईन वे उघडली तीही २४ एप्रिललाच, १९६५ साली. आणि मोकळ्या माळावर वाट सोडूनही चालण्याचा हक्क कायद्याने मिळाला थेट २००० मध्ये. नकाशावर अशी जमीन फिकट पिवळ्या रंगात असते. खालच्या कुरणांत मात्र हा हक्क नाही, तिथे पिवळ्या बाणाची पाऊलवाटच धरायची. निळा बाण घोडे आणि सायकलींनाही चालतो. माळावर चूल, स्टोव्ह काही पेटवायचं नाही; वाळलेलं पीट आतून दिवसेंदिवस धुमसतं.

पायपीट

सगळ्यांचे आभार. दिशा ठरली, डबाही ठरला. दोन गोष्टी राहिल्या: ग्रिंडस्लोचा उतार आईच्या गुडघ्याला झेपेल का, आणि सकाळीच पाऊस असेल तर? दोघांकडे सिंहगडचे स्पोर्ट्स शूज आहेत, ते चालतील?

शेफिल्डकर

बुटांपासून. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज खालच्या कुरणातच घसरतील. खोल खाचांचा तळ हवाच. घोट्यापर्यंतचे असतील तर उत्तम. सुती जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि वर वाऱ्यात थंडी भरते. प्रत्येकाला पावसाचं जाकीट, लोकरी टोपी, हातमोजे, दीड लिटर पाणी, आणि चौघांत निदान दोन डोक्यावरचे दिवे. ओढ्याचं पाणी पिऊ नका, वर मेंढ्या आहेत.

ग्रिंडस्लो नोल ६०१ मीटर, पब अडीचशेच्या आसपास. म्हणजे दोन कि.मी.च्या आत साडेतीनशे मीटर खाली. वरचा टप्पा दगडमातीचा आणि खडा, खाली गवत. पावसानंतर घसरतं ते गवतावर, दगडांवर नाही. तिथेच लोक निर्धास्त होऊन वेग घेतात. काठ्या दोन, उतारासाठी नेहमीपेक्षा १० सें.मी. लांब केलेल्या. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर निर्णय नो स्टूलवर घ्या, त्यापुढे नाही. तिथून मागे फिरून जेकब्स लॅडरच्या वळशाच्या वाटेने उतरता येतं. पुढे क्राउडन टॉवर ओलांडलात की ग्रिंडस्लोशिवाय सोपा उतार नाही.

पावसाचं: पीक डिस्ट्रिक्टचा डोंगरी हवामान अंदाज आदल्या संध्याकाळी बघा, मँचेस्टर शहराचा नको. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. ढगांचा तळ ५०० मीटरच्या खाली असेल तर कड्यावर काहीही दिसणार नाही. वाऱ्याचे झोत ताशी ४० मैलांच्या वर असतील तर साठीच्या माणसांना तोल सांभाळणं कठीण. दोन्हींपैकी एक जरी असलं तरी दरीतली फेरी करा: पबपासून तशीच अपर बूथपर्यंत, तिथून उजवीकडे न वळता डावीकडे रस्त्याने बार्बर बूथ, आणि मग रुळांच्या बाजूच्या कुरणांतून ईडेल. सहा-सात कि.मी., चढ थोडासा, अडीच तास. या कुरणांत गाई असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, कडेने लांबचा वळसा घ्या, आणि फाटक जसं होतं तसंच ठेवा: बंद तर बंद, मुद्दाम उघडं बांधलेलं असेल तर उघडं.

या फेरीला साडेदहाला निघालात तर एकच्या सुमारास पबात असाल, म्हणजे चहाटळने सांगितलेली स्वयंपाकघराची अडचण येणार नाही.

चहाटळ

तरी शनिवारी एक वाजता चौघांना एकत्र टेबल मिळेल या भरवशावर राहू नका. पाऊस असला की माळावरून परतलेले सगळे आतच बसतात. सकाळी जाता जाता पब उघडा दिसला तर विचारून ठेवा, नाहीतर आदल्या दिवशी फोन करा.