शेजारून आलेला चवथीचा प्रसाद : खायचा की नाही?

फोंड्यातला_नगरकर

सर्वांना प्रभूत सलाम. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे नगरकडचे, पणजोबांपासून मिशनच्या मंडळीतले. नोकरीपायी चार वर्षं झाली फोंड्यात भाड्याने राहतोय, खाली मालक आणि वर आम्ही. माणसं इतकी चांगली की बायकोच्या बाळंतपणात पहिले पंधरा दिवस डबा खालून आला. तर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की वहिनी ताट भरून वर पाठवतात, पातोळ्या, नेवऱ्या (आपल्या करंज्या) आणि वाटीत पंचखाजें (पाच जिन्नसांचा गोड प्रसाद), आणि देताना हमखास म्हणतात "देवाचा प्रसाद हो". आमच्याकडे आजीची शिस्त अशी की मूर्तीपुढचं तोंडात घालायचं नाही, विषय संपला. नगरला हे सोपं होतं, अख्खी गल्ली आमचीच, आणून देणार कोण?

मी आजवर काय केलं तर हसून ताट घेतलं आणि मग गपचूप विल्हेवाट लावली. गेल्या वर्षी सगळं पेपरात गुंडाळून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकत होतो आणि वहिनींची धाकटी, दुसरीतली, रिकामं ताट न्यायला वर आलेली, दारातच उभी. काही बोलली नाही. ताट घेतलं आणि गेली. तेव्हापासून ते पोर जिन्यात भेटलं की मी चपला शोधल्यासारखा खाली बघतो.

आता चवथ तीन आठवड्यांवर आली. खायचं? नाकारायचं? आमचे पाळक महिन्यातून एकदा बेळगावहून येतात, त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले प्रार्थना करा. ती चालूच आहे हो, पण ताट तर येणार.

वास्कोचा_बेळगावकर

नाही खायचं. यात गोंधळण्यासारखं काय आहे? बायबलातलं प्रेषितांची कृत्ये १५ काढा. यरुशलेमेत एवढी मोठी बैठक बसली, परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, मानेवरून सुंतेचं ओझं काढलं, पण जे चार मुद्दे राखले त्यातला पत्रातला पहिला हाच, मूर्तीला वाहिलेलं वर्ज्य. प्रकटीकरणात पर्गमच्या मंडळीला यावरूनच सुनावलंय.

मी बंदरात कामाला आहे. दसऱ्याला आमच्याकडे मशिनरीची पूजा असते, मी खुर्च्या लावतो, सतरंज्या घालतो, पेढा मात्र घेत नाही, आणि हे पहिल्याच वर्षी फोरमनला सांगून टाकलं. दोन दिवस तोंड फुगलं त्याचं. आता तोच माझ्यासाठी कोल्ड्रिंकची बाटली बाजूला काढून ठेवतो. तुम्ही खाल्लं नाहीत हे बरोबरच केलंत, पण हसून घेतलंत आणि बादलीत टाकलंत, ते चुकलं. तोंडावर नको म्हणायला धीर लागतो, बादलीला लागत नाही. राग मानू नका.

गंमतजंमत

ऑफिसात नेऊन वाटायचं हो. मिटलं.

वास्कोचा_बेळगावकर

म्हणजे बादलीच्या जागी सहकारी. वा.

म्हापशेकार_बाय

मी कॅथलिक, घरात कोंकणी, शाळा मराठी, त्यामुळे लिहिताना भेसळ होईल, चालवून घ्या.

आमच्या वाड्यावर हा प्रश्नच कधी नव्हता. म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे जत्रेला, येऊन बघा एकदा, तेल घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांत निम्म्या बायकांच्या कपाळाला कुंकू असतं, कारण लोक सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. बहिणीकडून आलेली नेवरी परकी कशी काय? आणि नेवरी तर आम्ही पण करतो, नाताळात, कुसवाराच्या (नाताळच्या फराळाच्या) ताटात दोदोल मिठाईच्या शेजारी तीच असते! मम्मी तर चवथीच्या दिवशी दुपारी मुद्दाम कमी जेवायची.

आणखी एक. ताटात काय आहे त्यावरून ख्रिस्ती ओळखायचा नाद गोव्यात फार जुना. इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) १७३६ च्या फर्मानात बिनमिठाचा भात शिजवायला पण बंदी होती, का तर हिंदू तसा शिजवतात, आणि दारात तुळस नको. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसायला आलं, मग नाही आलं. त्यामुळे देवाचं नाव घेऊन कोणी माझ्या ताटात वाकून बघायला लागलं की माझं डोकं फिरतं. व्हॅटिकन कौन्सिलने १९६५ मध्ये म्हटलंय की इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आता त्यात प्रसाद खा असं काही लिहिलेलं नाही, ते पण प्रामाणिकपणे सांगते. माझीच बहीण एका रिट्रीटला जाऊन आल्यापासून खात नाही, दोन चवथी आमची त्यावरून कडाक्याची भांडणं झाली, आणि भाऊ मधल्या मधे दोघींच्या वाटणीच्या पातोळ्या खातो.

मडगावची_मावशी

वास्कोच्या भावाने अर्धं वाचलं आणि म्हापशाच्या बायने वाचलंच नाही (हलकेच घे गो). करिंथकरांचं पहिलं पत्र, आठ ते दहा अध्याय, एका बैठकीत वाचा, मधे फोन बघू नका.

पत्र लिहिणारा पौल आधी म्हणतो मूर्ती म्हणजे काहीच नाही, आणि अन्नामुळे आपण देवाजवळ जात नाही की लांब जात नाही. पुढे म्हणतो बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर पुढ्यात येईल ते खा, विचारत बसू नका. पण कोणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर मात्र खाऊ नका, आणि कुणासाठी? सांगणाऱ्यासाठी, त्याच्या विवेकासाठी. आता तुमच्या वहिनी ताट देताना काय म्हणतात ते परत वाचा. त्या रोज डबा पाठवत होत्या तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत की आज चतुर्थी आहे का, देवाला दाखवून आणलंय का, आणि ते बरोबरच होतं. चवथीला त्या स्वतःच सांगतात.

माझं मत विचाराल तर पंचखाजें नको म्हणा. नेवरीचं काय ते तुमच्या मनाला विचारा, पण मन खरंच कचरत असेल तर दुसऱ्याचं ऐकून खाऊ नका, रोमकरांच्या चौदाव्या अध्यायाचा शेवट तेवढ्यासाठीच आहे. आमचे हे आयुष्यभर खात नव्हते आणि मी शाळेत स्टाफरूममध्ये वीस वर्षं खात आले, एकाच घरात, एकाच बायबलवर. मी खाल्लं की ते विचारायचे, "गूळ बरा होता का?"

अंत्रुजची_सून

मी तुमच्यातली नाही, हिंदू आहे, सासर फोंडा तालुक्यातच, म्हणून न राहवून लिहिते.

दादा, देवापुढे एक ताट जातं. आम्ही नेवऱ्या करतो दोनशे-अडीचशे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तळत बसतो, त्यातल्या पाच नैवेद्याला, बाकीच्या डब्यात आणि डब्यातून शेजारीपाजारी. पंचखाजें मात्र खरा प्रसाद, ते वाटण्यासाठीच असतं. "देवाचा प्रसाद हो" हे तर सगळ्यालाच म्हणायची सवय, तुमच्या वहिनी माझ्यासारख्याच असल्या तर भेंड्याची भाजी देताना पण म्हणतील.

आणि नको म्हटल्याने कोणी मरत नाही. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती बाईंकडून नाताळाला केक यायचा, सासूबाई अंडं खात नव्हत्या, तर सरळ तोंडावर सांगायच्या "मला नको गो, पोरांना दे", आणि तीस वर्षं दोघी एकमेकींच्या अंगणात बसून नारळ सोलत होत्या. बादलीतलं वाचलं तेव्हा मात्र पोटात तुटलं. धर्माचं जाऊ दे, पातोळीसाठी हळदीची पानं काढायला भर पावसात जावं लागतं हो.

फोंड्यातला_नगरकर

सगळ्यांचे आभार, मावशींनी सांगितलेले तीन अध्याय बायकोसोबत दोनदा वाचले. अंत्रुजच्या ताई, हळदीच्या पानाचं माहीत नव्हतं, त्या वाक्यानंतर खाली गेलो.

काल संध्याकाळी वहिनी ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. आजीपासून सुरुवात केली, नगर, मंडळी, पौल, बरंच भरकटलो, आणि शेवटी बादलीचं सांगितलं. त्या वातीवरून मान न उचलता म्हणाल्या, "माहीत आहे. तिने त्याच दिवशी सांगितलं होतं." म्हणजे वर्षभर माहीत होतं! मधे आमचा नाताळचा केक त्यांनी खाल्ला, मे महिन्यात मानकुराद आंबे वर पाठवले, माझ्या मुलाला ताप आला तेव्हा रिक्षा त्यांनीच आणली, आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला वाटलं आता रडू येईल, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पंचखाजें नको, कळलं. नेवऱ्या चालतात ना, डब्यातल्या?" मी हो म्हटलं. ते माझ्या मनातून आलं की घाईत, अजून नक्की सांगता येत नाही, पण आलं.

धाकटी आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "मग पातोळी पण खा, ती पेपराला चिकटते."

आता नवीनच पेच. निघताना मालक म्हणाले, यंदा पाठ धरलीये, माटोळीची (गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीची) फळं वर बांधायला शिडीवर चढाल का. वास्कोकर, तुमच्या सतरंज्या-खुर्च्यांत हे बसतं का?

वास्कोचा_बेळगावकर

शिडी धरा. वर त्यांना चढवा.

मडगावची_मावशी

पाठ धरलेल्या माणसाला?