एकोणिसाव्या शतकातील कारखाने व रेल्वे-बांधकामांची पेन्सिल-रेखाटने : कोणाची अभ्यासावीत?

प्रश्न :
नमस्कार. मी पेन्सिलने जुन्या इमारती रेखाटतो. वाडे आणि मंदिरे बऱ्यापैकी जमतात, परंतु धुराडी, लोखंडी कैच्या (छपराचा भार पेलणारे सांगाडे) किंवा बोगदे काढू लागलो की चित्र आराखड्यासारखे कोरडे दिसते. ही बांधकामे उभी राहत असतानाच ज्यांनी ती रेखाटली, अशा चित्रकारांकडून शिकावे असा विचार आहे. सुरुवात कोणापासून करावी आणि पेन्सिली कोणत्या घ्याव्यात, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
इंग्रज चित्रकार जॉन कुक बॉर्न यांच्यापासून, असे मी आग्रहाने सांगेन. अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या देखरेखीखाली लंडन–बर्मिंगहॅम रेल्वेचे काम चालू असताना विशीतील बॉर्न प्रत्यक्ष बांधकामावर जाऊन चित्रे काढत होते. पेन्सिलीवर त्यांनी पातळ रंगाचा हात दिला आहे, तरी चित्राचा सारा भार रेषेवरच आहे. कॅम्डेन टाउनच्या इंजिनघराचे १८३७ मधील चित्र सावकाश पाहा. त्यात पूर्ण झालेली इमारत नाहीच; परांच्या, अर्धवट चढलेले बांधकाम आणि कामात गुंतलेले मजूर आहेत, आणि त्यामुळेच कोणता भाग कशावर तोलला आहे हे नेमके कळते. याच रेल्वेमार्गावरील किल्स्बी बोगद्याच्या चित्रात उभ्या विवरातून उतरणारा प्रकाश आहे. खाली माणसे इतकी लहान आहेत की बोगद्याची उंची वेगळी दाखवावी लागत नाही. तुमच्या चित्रांत माणसे नसतील, तर कोरडेपणाचे मूळ तेथे शोधावे.

प्रतिसाद २ :
वरील मताशी सहमत आहे. मात्र धूर आणि धग शिकायची असेल तर जर्मन चित्रकार आडोल्फ मेन्झेल यांना पर्याय नाही. लोखंडाच्या रोलिंग मिलच्या (तापलेले लोखंड रुळांतून दाबून आकार देणाऱ्या कारखान्याच्या) मोठ्या तैलचित्रासाठी ते १८७२ मध्ये ऊर्ध्व सायलेशियातील क्यॉनिग्सह्युटे येथे गेले (हे गाव आज पोलंडमध्ये आहे) आणि त्या चित्रासाठी त्यांनी शंभराहून अधिक रेखाटने केली. ते सुताराची रुंद पेन्सिल वापरत : कडेने बारीक रेघ, सपाट बाजूने रुंद छटा, आणि मग ती छटा चोळून धूसर करायची.

पेन्सिलींबाबत सांगायचे, तर एच (कठीण), २बी (मऊ) आणि ४बी (अधिक मऊ) पुरेत. फ्रेंच संशोधक कोंते यांनी १७९५ मध्ये ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली, तेव्हापासून मातीच्या प्रमाणावर पेन्सिलीचा कठीणपणा ठरवता येऊ लागला. मऊ पेन्सिल दाबून काळोख करू नका, कारण ग्रॅफाइट चकाकते आणि काळोख उजळ दिसतो. किंचित खरबरीत कागदावर हलके थर चढवा, आणि प्रकाशाची जागा प्रथमपासून कोरी राखा.