नडगीचं हाड बाहेर आलं होतं, आता आत रॉड की प्लेट?

ऊसकरी: उसाच्या ट्रॉलीला धडकून भावाच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्याच रात्री जखम धुऊन बाहेरून फिक्सेटर लावला, म्हणजे हाडात पिना घालून बाहेरून धरणारा सांगाडा. चौथ्या दिवशी पोटरीचं मांस वळवून वर कातडी बसवली. आता डॉक्टर आत रॉड म्हणतात. मामा म्हणतात, प्लेटच टाका, पक्की बसते. एका पिनेच्या तोंडाशी पिवळट पाणी येतंय, त्याने झोप उडालीय.

हाडवैद्य_नाही_ऑर्थो: मांस वळवावं लागलं म्हणजे गस्टिलो ३-बी, उघड्या फ्रॅक्चरच्या प्रतवारीतला गंभीर प्रकार. मामांना नडगीच्या आतल्या बाजूला बोट फिरवायला सांगा: कातडी, की लगेच हाड. तिथे प्लेट टाकली आणि जखम उसवली तर लोखंड उघडं पडतं. रॉड हाडाच्या पोकळीत जातो, वरच्या कातडीला त्रास नाही. पण पिनेतला पू त्याच पोकळीत उतरू शकतो. ते पाणी कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत ते तपासायला, गेलंय का, हे आजच विचारा. फिक्सेटर जितका जास्त दिवस, तितका रॉडला धोका.

रिंगवाला: माझा हाडाचा तुकडाच गेला होता, म्हणून इलिझारोव्ह, म्हणजे पायाभोवती रिंगांची चौकट, नट फिरवून हाड हळूहळू वाढवायचं. दिवसाला १ मिमी, म्हणजे नट चार वेळा पाव वळसा. बायकोने पायजम्याला बाजूने वेल्क्रो शिवलं. हाड पुरेसं असेल तर रिंगच्या वाटेला जाऊ नका. भाऊ तंबाखू खातो का? बिडी-सिगरेट?

ऊसकरी: बिडी. काल उशीखाली बंडल सापडलं. कल्चरचं सकाळी विचारतो.