नावापुढचं ‘पंडित’: कोणी द्यायचं, कोणी लावायचं?

काळी एक:
परवा एका ओळखीच्यानं एक लांबलचक पोस्ट पाठवली. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की साठीच्या आत कोणाही गायक-वादकाच्या नावापुढे पंडित किंवा उस्ताद लागता कामा नये. सरकारनं समिती नेमून ही पदवी रीतसर द्यावी. आणि ‘बुवा’, ‘बाई’ ही गावंढळ संबोधनं मैफलींच्या पत्रिकांवरून कायमची काढून सगळ्यांना पंडित आणि विदुषी करावं. खाली वाहवा करणारेच जास्त. दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

आधी समिती. घटनेच्या १८व्या कलमानं लष्करी आणि विद्याविषयक सन्मान सोडून इतर किताब द्यायला राज्याला मनाई केली आहे. पद्म पुरस्कारांवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९९५ च्या निकालात सांगितलं गेलं की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत आणि ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. तरी पत्रिकांवर ‘पद्मश्री अमुक’ छापून येतंच. आणि सरकारी पदवी आपण पाहिलेली नाही असंही नाही. महामहोपाध्याय ही पदवी इंग्रज सरकारनं १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हापासून द्यायला घेतली. पां. वा. काण्यांनाही ती मिळाली होती. पण काण्यांचं नाव आज आदरानं निघतं ते धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाच खंडांमुळे.

आता बुवा. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. रामकृष्णबुवा वझे. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर, तिन्ही घराण्यांची विद्या घेतलेले भास्करबुवा बखले. यांना गावंढळ म्हणायचं? माझ्या गुरुजींना सगळं गाव बुवाच म्हणायचं. एकाहत्तरीला एका संस्थेनं त्यांचा सत्कार ठेवला आणि पत्रिकेवर ‘पंडित’ छापलं. गुरुजींनी मला समोर बसवलं आणि दीडशे पत्रिकांवरचा तो शब्द काळ्या शाईनं खोडायला लावला. म्हणाले, “संगीत विशारदच्या परीक्षेला व्याख्या पाठ केली होतीस ना? शास्त्र पूर्ण जाणतो पण गाणं बेताचं, तो पंडित. मला गाता येतं.” त्या दिवशीचे काळे झालेले हात मी विसरलेलो नाही. ‘बाई’ म्हणजे तर मराठीत आदरच. त्यात गावंढळ काय आहे?

तिहाई:
काळी एक, समितीबद्दल शंभर टक्के सहमत. वयाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, ते मी बोलतो. नारायण राजहंसांना ‘बालगंधर्व’ नाव लोकमान्यांनी दिलं असं सांगतात, तेव्हा ते पोरवयाचे होते. शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा गायला लागला आणि बालपणीच एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. साठीची वाट कोणी पाहिली? ऐकलं आणि तोंडून निघालं. असं निघालेलं नाव टिकतं.

पण गुरुजींनी पत्रिका खोडल्या हे सगळ्यांना परवडत नाही, तेही सांगतो. मी तबला वाजवतो. चौतिसाव्या वर्षी आयोजकांनी मला न विचारता ‘पंडित’ छापलं. मी फोन करून काढा म्हणालो. ते म्हणाले, “गायक पंडित, पेटीवाले पंडित, तुम्ही एकटेच नुसते कसे दिसाल? आणि आमच्या प्रायोजकांना बिदागीचा आकडा कसा समजावू?” मी गप्प बसलो. घरी दोन मुली, वर्षातून महिने चार सीझन. ज्याला तुम्ही हौस समजता ती अनेकदा सक्ती असते. साथीदाराला कित्येक वर्षं पत्रिकेत नावसुद्धा नसायचं, ‘साथीला तबला’ एवढंच. आता जरा नाव येऊ लागलं तर सगळ्यांना पदव्यांचा सुळसुळाट दिसतो.

संहिता:
एक मुद्दा कोणीच मांडत नाही म्हणून मांडते. पंडित हा शब्द मुळात शास्त्राचा. माझा भाऊ घनपाठी आहे, म्हणजे घनापर्यंत वेदपठण शिकलेला. आठव्या वर्षी घर सोडून पाठशाळेत गेला. संहिता, पद, क्रम, जटा, घन असं करत एकेक मंत्र उलटसुलट गुंफून म्हणायचा, दहा-बारा वर्षं. त्याला लोक म्हणतात ‘गुरुजी’, तेही सत्यनारायणाला बोलावताना. पेशवाईत श्रावणात पुण्याला रमण्याच्या आवारात विद्वानांना दक्षिणा वाटली जायची. आज पाठशाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला लग्न जमवताना अडचण येते. तुमच्यात पंडित जास्त झाले याची चिंता आहे, आमच्यात घनपाठी किती उरले याची.

काळी चार:
संहिता, तुमचं दुःख खरं आहे, पण मला काळी एक यांच्याशी बोलायचंय. बुवांवर एवढा मोठा परिच्छेद, बाईला दोन ओळी. “बाई म्हणजे आदरच.” कोणी सांगितलं? गायिका गंगूबाई हनगलांचे उद्गार प्रसिद्ध आहेत: मुसलमान गायक उस्ताद होतो, हिंदू पंडित होतो, केसरबाई-मोगूबाईंसारख्या मोठ्या गायिका मात्र बाईच राहतात. त्यांना मराठीतला आदर कळत नव्हता असं म्हणायचंय का तुम्हाला?

माझ्या गुरू गोव्याच्या, कलावंत घराण्यातल्या, म्हणजे देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या समाजातल्या. त्यांच्या आईला मोठ्या घरी गाण्याला बोलवायचे, रात्रभर गाऊन घ्यायचे, आणि सकाळी पंगत बसली की मागच्या पडवीत वेगळं पान वाढायचे. पत्रिकेवर नाव ‘अमुकबाई’. मैफलीत त्यांना शाल देणारा माणूस घरी आल्यावर बायकोला म्हणे, “आज बाई होती.” तोच शब्द. मी स्वतः चाळीस वर्षं गातेय. तीन वर्षांपूर्वी एका महोत्सवाच्या फलकावर माझ्या साथीला असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला ‘पं.’ होतं आणि मला ‘श्रीमती’. मी विदुषी हा शब्द मागून घेतला. मागून घ्यावा लागला, हे लक्षात घ्या.

मिरजेची माहेरवाशीण:
काळी चार, हात जोडून सांगते, बाई हा शब्द टाकू नका. मुक्ताबाई, बहिणाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई. शाळेत आम्हाला घडवलं ते बाईंनी. आणि केसरबाई! त्या आल्या की भलेभले सावरून बसायचे म्हणतात. १९४८ साली कोलकात्याला त्यांना ‘सूरश्री’ दिलं, पण लोकांच्या तोंडी त्या केसरबाईच राहिल्या. १९७७ साली अंतराळयानाबरोबर पाठवलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी गेली, ‘जात कहाँ हो’. विदुषी हा हिंदी निवेदकांकडून आलेला शब्द. कधी कोणी “अहो विदुषी, चहा घेता का?” असं म्हटलंय? हाकेत न बसणारा शब्द मान कसा देईल?

काळी चार:
हाकेचा प्रश्न नाही हो! हाक ताई मारा, माई मारा. मोगूबाईंना माई म्हणायचे, त्यांच्या लेकीला, किशोरी आमोणकरांना, ताई म्हणायचे, ते घरचं प्रेम. मी छापलेल्या शब्दाबद्दल बोलतेय. आणि सावित्रीबाईंची बाई आणि पडवीत जेवलेल्या गायिकेची बाई यांची एका ओळीत मोळी बांधलीत, याचं मला वाईट वाटलं. तुम्ही मिरजेच्या, तिथं गाणं भिंतीतून ऐकू येतं. पण पडवीत पान तुमच्या घरातल्या कोणाला वाढलेलं नसणार.

मिरजेची माहेरवाशीण:
माझ्या घरात कोणाला काय वाढलं हे तुम्हाला माहीत नाही. शब्द मागे घ्या. माझी आत्या संगीत नाटकात कामं करायची. आजोबांनी तिला दहा वर्षं उंबऱ्यात येऊ दिलं नाही. ती शेवटपर्यंत स्वतःला ‘बाई’ म्हणवून घ्यायची आणि ताठ मानेनं. म्हणून तो शब्द मला सोडवत नाही.

काळी चार:
आत्याबद्दल माहीत नव्हतं. ते वाक्य मागे घेते. बाईबद्दलचं नाही.

तिहाई:
दोघींचंही बरोबर आहे असं म्हणणार नाही, कारण दोघींनी एकमेकींना नीट उत्तर दिलेलं नाही. ज्यांना बाई म्हणवून घ्यायचंय त्यांना तसं छापा, ज्यांना नकोय त्यांना नका छापू. कलाकाराला आधी विचारा! बुवा म्हणवून घ्यायचं की नाही, हे काळी एक यांच्या गुरुजींनी स्वतः ठरवलं. गायिकांच्या बाबतीत आयोजक ठरवतो आणि आपण त्यावर व्युत्पत्ती सांगत बसतो.

वाईकर:
संहिता, तुमचा मुद्दा मागे पडला म्हणून. पंडित ही पदवी परीक्षेनं मिळायची, आणि त्यात वय आड आलं नाही, स्त्री असणंही आड आलं नाही, याचा दाखला आपल्याकडेच आहे. रमाबाई १८७८ साली कोलकात्याला गेल्या, तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटलं. वय वीस. लक्ष्मणशास्त्री जोशींचं ‘तर्कतीर्थ’ही कोलकात्याच्या परीक्षेतूनच आलं, आणि आमच्या वाईत त्यांना ते नावापेक्षा जास्त चिकटलं. त्यामुळे साठीची अट घालणाऱ्याला मूळ परंपराच माहीत नाही. पण काळी एक, परीक्षा घेणारी माणसं तेव्हा होती. म्हणजे समितीसारखं काहीतरी होतंच की. ते तुम्ही उडवून लावलंत.

काळी एक:
वाईकर, परीक्षक आणि सरकारी समिती यांत फरक आहे. कोलकात्याच्या त्या पंडितांना स्वतःला येत होतं. तुमचा मुद्दा एवढ्यापुरता मान्य, पुढे नाही.

काळी चार, तुम्हाला उत्तर द्यायला वेळ लागला कारण काल गुरुजींचे जुने कागद काढून बसलो होतो. ज्या पत्रिकांवरचं ‘पंडित’ मी खोडलं, त्याच पत्रिकेत खाली गुरुभगिनीचं नाव आहे. चौदा वर्षं गुरुजींकडे शिकलेली, त्या दिवशी त्यांच्या आधी गायलेली. नुसतं नाव आणि आडनाव. माझ्या नावापुढे ‘श्री.’ आहे, तिच्यापुढे तेही नाही. दीडशे पत्रिका हातातून गेल्या, प्रत्येक वेळी ते नाव शाईखाली दिसत होतं, आणि मला खटकलं नाही. बाईबद्दल मी दोन ओळींत उरकायला नको होतं.

संहिता:
आणि घनपाठी?

काळी एक:
त्याबद्दल मला लिहिता येण्याएवढं ठाऊक नाही. तुम्ही लिहा, मी वाचीन.

मिरजेची माहेरवाशीण:
समिती नको, एवढं तरी सगळ्यांना मान्य?

काळी चार:
समिती नको. तेवढंच मान्य. पुढच्या महिन्यात माझी मैफल आहे, फलकावर विदुषीच असेल. तुम्ही या. हाक बाई मारलीत तरी ओ देईन.