युरोपचा कार्बन-कर: नट-बोल्टवाल्यांचे डोळे उघडणार की कंबरडं मोडणार?

चाकणचा कारखानदार (धागाकर्ता):
आमचा निम्मा माल जर्मनीला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून युरोपच्या 'सीबॅम' नियमाखाली, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन-कराखाली, गिऱ्हाईक बोल्ट बनवताना हवेत गेलेल्या कार्बनचा हिशेब मागतंय. २०२६ पासूनच्या मालावर तिथल्या आयातदाराला त्याचे पैसेही भरायचे आहेत. पहिले सहा महिने नुसता वैताग होता. पण हिशेबापायी हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला वेगळा मीटर बसवला आणि कळलं, रविवारी माल नसतानाही ती तापत असते! इतकी वर्षं बिल भरलं, पण हे कुणी पाहिलंच नव्हतं. कार्बनला किंमत लागल्याशिवाय कारखाना सुधारत नाही, नवं तंत्रज्ञान आणत नाही, असं माझं ठाम मत आहे.

भोसरीकर:
वीज वाचवलीत, चांगलं झालं. पण याला नवं तंत्रज्ञान कसं म्हणायचं? बोल्टच्या कार्बनचा मोठा वाटा वायर रॉडचा (ज्यापासून बोल्ट बनतो ती पोलादी सळई), म्हणजे कोळशावर ब्लास्ट फर्नेस चालवणाऱ्या पोलादाच्या गिरणीचा. तिथे आपला काय जोर? आकडे जुळवायला सल्लागार ठेवा, त्याची फी द्या, आणि त्याने एक बोल्टही जास्त निघत नाही. आपल्याकडेही कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत ४०० झाला. २०१७ मध्ये त्याच्या जागी जीएसटी भरपाईचा उपकर आला. आमच्या पेठेत त्यातून एक नवी भट्टी आली का?

स्वीडनवासी:
इथे १९९१ पासून कार्बन-कर आहे. घरं तापवणारी शहरी केंद्रं कोळसा-तेल सोडून लाकडाच्या ढलप्यांवर गेली. कारखान्यांना मात्र बरीच वर्षं सवलतीचा दर होता. किंमत किती, यावर सगळं अवलंबून आहे. युरोपच्या परवाना-बाजारात (कारखाने कार्बन सोडायचे परवाने घेतात-विकतात तो) सुरुवातीला इतके परवाने फुकट वाटले, की २००७ मध्ये भाव जवळपास शून्यावर आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तोच टनाला १०० युरोवर गेला. कवडीमोल भाव असताना संशोधनात पैसा कोण घालेल?

भोसरीकर:
फुकट परवाने त्यांच्या गिरण्यांना, आणि आमच्या मालाचा पैसा त्यांच्याच तिजोरीत. यावर बोला ना!

धागाकर्ता:
मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा होते, अशी तरतूद आहे. म्हणून तर म्हणतो, आपल्या सरकारने इथेच घ्यावी. आणि रॉडचं म्हणाल तर मी आता भंगारापासून इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये केलेल्या रॉडची चौकशी करतोय. आजवर भावाशिवाय काही विचारलं नव्हतं.

भोसरीकर:
इथे घेऊन तो पैसा लहान कारखान्यांच्या भट्ट्या बदलायला स्वस्त कर्ज म्हणून परत येणार असेल, तर मी तुमच्या बाजूने. तोवर विरोधच. आणि भंगारातलं तांबं तपासून घ्या, ते जास्त असलं तर गरम फोर्जिंगला, म्हणजे तापवून घडवताना, तडे जातात. गिरणीने किलोमागे किती जास्त सांगितले?