मदत हवी आहे: गाडी नवी, वापर कमी, घर खाडीजवळ (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

दसऱ्याला पेट्रोल हॅचबॅक घेतली, मॅन्युअल गिअरची. पाच-सहा वर्षांनी विकून दुसरी घ्यायचा विचार अजिबात नाही. आरसी १५ वर्षांची आहे, तोवर तरी गाडी ठणठणीत राहायला हवी. पुढे फिटनेस करून आणखी ५ वर्षं वाढवता आली तर आनंदच.

अडचण अशी की गाडी फिरते कमी. ऑफिसला मी लोकलनेच जातो. आईला फिजिओथेरपीला नेणं, किराणा, कधी पुलावरून मुलुंडला बहिणीकडे, एवढंच. इंजिन जेमतेम तापतंय तोवर बंद करायची वेळ येते. मग गणपतीत आणि मे महिन्यात एकदम चिपळूण. वर्षाला पाच हजार किलोमीटरही होतील असं वाटत नाही.

मुख्य प्रश्न ऑइलचा. पुस्तिकेत १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं आहे. पण त्याच पुस्तिकेत मागे 'कठीण वापरा'चा वेगळा तक्ता आहे. त्यात धुळीबरोबर छोट्या फेऱ्याही आहेत आणि मुदत निम्मी दिली आहे. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "ते आपल्यासाठी नाही हो." मला हे पटत नाही. आईला घेऊन जायची गाडी आहे, त्यात चालढकल नको.

शिवाय पहिल्याच फ्री सर्व्हिसला अंडरबॉडी कोटिंग (खालच्या पत्र्यावर गंजरोधक थर) आणि इंजिन फ्लश (रसायनाने इंजिन आतून धुणं) सुचवलं. करावं का? आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये उंदीर आहेत, शेजाऱ्यांच्या गाडीची वायर कुरतडली. त्यावर कोणाचा खात्रीचा उपाय?

— खाडीकाठ

परशुरामघाट:
तुमची शंका रास्त आहे. थंड इंजिनात थोडं पेट्रोल न जळता ऑइलमध्ये उतरतं, आणि ज्वलनातून निघालेली वाफ आतच थंड होऊन पाणी होते. लांब पल्ल्याला ऑइल नीट तापलं की दोन्ही उडून जातं. तुमच्या फेऱ्यांत ते साचत राहतं. म्हणून किलोमीटर बघूच नका, सहा महिने धरा. एकदा मे महिन्यात गावी निघायच्या आधी, एकदा दिवाळीच्या सुमारास, आणि दर वेळी फिल्टरसकट. ग्रेड पुस्तिकेत आहे तीच.

आठवड्या-पंधरवड्याने पाम बीच रोडवरून बेलापूरपर्यंत जाऊन या. सायलेन्सरमधलं पाणी सुकतं, बॅटरीही चार्ज होते. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून हे होत नाही.

ब्रेक ऑइल विसरू नका. ते हवेतला ओलावा शोषतं, मग तापल्यावर त्याची वाफ होते आणि ब्रेक बसत नाही. चिपळूणच्या वाटेवरचा परशुराम घाट उतरताना हे परवडणारं नाही. किलोमीटर कितीही होवोत, दर २ वर्षांनी बदला.

नेरूळकर_१२:
फ्लश नको. नव्या इंजिनात काढण्यासारखा गाळ असतो कुठे? वेळेवर बदललेलं ऑइलच इंजिन स्वच्छ ठेवतं.

कोटिंगची घाई नको. खालचा पत्रा आणि जोड कारखान्यातूनच संरक्षण देऊन येतात. वरून कोणी घाईने फवारलं तर पाणी निघायची भोकं बुजतात, मग आतून गंज धरतो. त्यापेक्षा गावाहून आल्यावर लिफ्टवर घेऊन गाडी खालून धुवा. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती पावसाळ्याआधी मोकळी करा. आमच्याकडे रस्त्यावरच्या झाडांची पानं वायपरखालच्या जाळीत साचतात आणि कुजतात. ती हाताने काढावी लागतात, नुसत्या धुण्याने जात नाहीत.

उंदरांवर शंभर टक्के उपाय नाही. गाडीत खाऊचा कणही ठेवू नका, दोन दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून बघा, आणि सोसायटीला पार्किंगजवळचा कचऱ्याचा डबा हलवायला लावा. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक डबा हलवल्याने पडला.

खाडीकाठ:
मनापासून आभार. डब्याचं उद्याच सेक्रेटरींशी बोलतो. मधलं ऑइल बाहेर बदललं तर वॉरंटीला अडचण येईल का?

परशुरामघाट:
वॉरंटी असेपर्यंत अधिकृत सेंटरलाच करा, म्हणजे नोंद राहील. जॉब कार्डवर (सेंटरच्या कामाच्या कागदावर) 'फक्त ऑइल आणि फिल्टर' लिहून घ्या, मगच सही करा. बिलं एका फाइलला लावत जा.